मांजराई : दारावरची की घरधनीण?

चिकित्सक : थेऊरच्या चिंतामणी गणपतीला तू ‘प्राचीन’ म्हणतेस. कशाच्या आधारावर? आज उभं असलेलं देऊळ चिंचवडच्या मोरया गोसावींच्या घराण्यातल्या धरणीधर देवांनी बांधलं. पुढचा लाकडी सभामंडप थोरल्या माधवराव पेशव्यांचा. म्हणजे भिंतींचं वय कितीही ताणलं तरी साडेतीनशे वर्षांपलीकडे जात नाही. कथेचं म्हणशील तर ती गाणपत्यांच्या गणेशपुराण आणि मुद्गलपुराण या दोन पुराणांच्या वळणाची आहे. ही पुराणं अकराव्या शतकाच्या आधीची नाहीत, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. आणि आठ गणपती एका माळेत ओवून ‘अष्टविनायक’ म्हणून जी प्रतिष्ठा झाली, ती मुख्यतः पेशवाईतली. त्या आठांतलं लेण्याद्री बघ. गिरिजात्मज ज्या सातव्या लेण्यात बसला आहे तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. सातवाहनांच्या काळात जुन्नरच्या डोंगरात खोदलेला. कथा सांगते की पार्वतीने तिथे पुत्रासाठी तप केलं. दगड सांगतो की तिथे भिक्षू वर्षावास करत होते. एके ठिकाणी कथा दगडावर मागाहून चढली हे उघड दिसत असताना दुसऱ्या ठिकाणची कथा मी मूळची का धरावी?

भाविक : काका, लेण्याद्रीबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. तिथल्या भिक्षूंच्या कोठड्या कुणालाही दिसतात आणि त्या झाकून देवाचं काही भलं होत नाही. पण थेऊरला दुसराही एक पुरावा आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा तळेगाव ढमढेऱ्याचा ताम्रपट शके ६९० चा, म्हणजे इसवी सन ७६८ चा. त्यात दान दिलेल्या गावांच्या चतुःसीमा सांगताना आळंदी येते, मुळा नदी येते आणि थिउर हे गावही येतं. साडेबाराशे वर्षांपूर्वी राजाच्या कारकुनाला खूण म्हणून जे गाव पुरेसं ओळखीचं वाटलं, ते काल वसलेलं नाही.

चिकित्सक : गाव आलं, गणपती कुठे आला? चतुःसीमेत नदी आहे, गावं आहेत, डोंगर आहेत, देऊळ नाही. गाव जुनं म्हणून त्यातला देव जुना असं होत नाही.

भाविक : चतुःसीमा म्हणजे काही देवळांची यादी नव्हे. आजच्या सातबाऱ्यावर तरी देवघराची नोंद कुठे असते? ताम्रपटात देव नाही म्हणून तो नव्हता, हेही तुम्हाला म्हणता येणार नाही. तिथून पुढे तुमचा आणि माझा, दोघांचाही पुरावा संपतो. म्हणून मी तारखेवर अडून बसत नाही. मला कथा धरून ठेवते. गण नावाचा राजपुत्र, अभिजित राजाचा मुलगा, सैन्यासह कपिलमुनींच्या आश्रमात येतो. मुनींजवळ चिंतामणी नावाचं रत्न आहे. त्याच्या बळावर मुनी सगळ्या सैन्याला पोटभर जेवू घालतात. जेवण झाल्यावर गणाला मुनींची नव्हे, रत्नाची ओढ लागते. मागून मिळत नाही म्हटल्यावर तो ते हिसकावून नेतो. कपिल गणेशाची आराधना करतात, कदंबाच्या झाडाखाली युद्ध होतं, गण मारला जातो आणि गणेश रत्न परत आणतो.

चिकित्सक : आणि हीच कथा तू आधी किती वेळा ऐकली आहेस? वसिष्ठांच्या आश्रमात विश्वामित्र सैन्यासह येतो, गाय सगळ्यांना जेवू घालते, राजाला गाय हवीशी होते. जमदग्नीकडे सहस्रार्जुन येतो, पुन्हा गाय, पुन्हा मेजवानी, पुन्हा बळजबरी. हा तयार साचा आहे. ऋषीची दिव्य वस्तू, पाहुणा राजा, पोट भरल्यावर सुटलेली हाव, मग देवाचा किंवा ऋषिपुत्राचा सूड. गायीच्या जागी रत्न घातलं, परशुरामाच्या जागी गणपती घातला की झाली थेऊरची कथा. पंधरा मैलांवर दुसरं देऊळ असतं तर तिथेही हाच साचा बसला असता.

भाविक : साचा तोच आहे, मान्य. पण तुम्ही शेवटपर्यंत गेला नाहीत. वसिष्ठ गाय सोडत नाहीत. जमदग्नीच्या कथेत तर क्षत्रियांचा संहार होईपर्यंत वैर चालतं. थेऊरच्या कथेत गणेश रत्न कपिलांच्या हातात ठेवतो आणि कपिल म्हणतात, मला आता नको. ते देवाच्याच गळ्यात बांधतात. बाकीच्या कथांमध्ये वस्तू कुणीच सोडून देत नाही. इथे वस्तू मिळाल्यावर माणूस ती सोडून देतो. हा बदल कुणी केला, कोणत्या शतकात केला, मला माहीत नाही. पण ज्या कुणी केला त्याला काहीतरी वेगळं सांगायचं होतं. तुम्ही साचा ओळखता तेव्हा सगळ्या कथांमध्ये सारखं काय आहे ते बघता. मी या गावाने त्या साच्यात काय फिरवलं ते बघते.

(हा संवाद लिहिणारा म्हणून इथे मला मध्ये बोललंच पाहिजे. लोककथेच्या अभ्यासात हा प्रश्न नेहमी येतो आणि बहुतेक वेळा साचा शोधणाराच जिंकल्यासारखा वाटतो, कारण साम्य चटकन दाखवता येतं. फरक दाखवायला कथा शेवटपर्यंत ऐकावी लागते. या मुद्द्यावर मी तिच्या बाजूचा आहे.)

चिकित्सक : बरं, शेवट वेगळा आहे हे मानलं. मग त्या शेवटाने माणसांचं काय झालं ते बघू. थेऊरचा सगळ्यात मोठा भक्त कोण? माधवराव पेशवे. पानिपतानंतर १७६१ मध्ये सोळाव्या वर्षी गादीवर आले. घरात चुलत्याशी भांडण, बाहेर निजाम आणि हैदर. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवलं. १७७२ च्या आरंभी मराठ्यांनी शाह आलमला दिल्लीच्या तख्तावर परत नेऊन बसवलं आणि त्याच वर्षी, १८ नोव्हेंबरला, हा माणूस सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने थेऊरच्या देवळात गेला. जो देव चिंता हरण करतो म्हणता, त्याच्या पायाशी राज्याची सगळी चिंता घेऊन पडलेला माणूस बरा झाला नाही. आणि याच्या पुढचं तर मला बोलवतही नाही. रमाबाई सती गेल्या. नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. कार्तिक वद्य अष्टमीला रमा-माधवांचा उत्सव होतो. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने १९६२ नंतर तो शेवट घराघरांत पोचवला, आपल्या आया तो वाचून रडल्या. पण सांग मला, एका बाईच्या जिवंत जळण्याला आपण पूजेत कसं बसवतो? १९८७ च्या कायद्याने सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा आहे. परंपरा म्हणून तू जे जपायचं म्हणतेस, त्यात हेही आलं का?

भाविक : तुमचा पहिला आक्षेप सोपा आहे. माधवराव बरे होतील म्हणून लोक थेऊरला जात असते, तर १७७२ नंतर ते देऊळ ओस पडलं असतं. ते पडलं नाही. म्हणजे लोक तिथे नवस फेडायला जातात तसं आणखी कशासाठी तरी जातात. कपिलांची कथा मी म्हणूनच सांगितली. हवं ते मिळालं नाही तरी, किंवा मिळून हातातून गेलं तरी, मन जागेवर राहावं एवढं मागायला माणूस तिथे बसतो. माधवरावांनीही शेवटच्या दिवसांत तेच मागितलं असावं असं मला वाटतं. पण ते मला वाटतं एवढंच, पुरावा नाही.

दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. मी त्या वृंदावनापाशी थांबते. ओटी भरत नाही, हात जोडत नाही. थांबते, कारण तिथून न थांबता पुढे जाणं मला जमत नाही. तिथे एक बाई गेली, ती दंतकथेतली नाही, इतिहासातली आहे. ती जागा पुसून टाकली तर तिचं जाणंही पुसलं जाईल. आणि हळद-कुंकू वाहिलं तर तिचं जाणं हा आदर्श होऊन बसेल. स्मरण कुठे संपतं आणि गौरव कुठे सुरू होतो, ती रेघ कायदा कागदावर ओढतो. त्या ओट्यापाशी उभं राहिलं की ती मला पायाखाली दिसत नाही.

चिकित्सक : हे प्रामाणिक उत्तर आहे, पण अपुरं आहे. कारण तू एकटी हात जोडत नाहीस, एवढ्याने परंपरा बदलत नाही.

भाविक : अपुरं आहेच. मात्र ‘परंपरा’ हा एकच गठ्ठा करून तुम्ही मला तो घे किंवा टाक म्हणता, ते मला मान्य नाही. कपिलांची कथा, माधवरावांचा मृत्यू, सतीचं वृंदावन, चतुर्थीची गर्दी या वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या माणसांनी आणून ठेवलेल्या गोष्टी आहेत. प्रत्येकीशी माझं नातं वेगळं असू शकतं.

चिकित्सक : चांगलं, मग गठ्ठा सोडू. आता आपल्या गावाकडे, मांजरीकडे ये. तिथली गावदेवी मांजराई. मांजरी म्हटलं की पुण्यात लोकांना द्राक्षांचं संशोधन केंद्र आठवतं, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवते, आणि आता कोव्हिशिल्डची लस. देवी आठवते ती गावातल्याच लोकांना. माझा खरा आक्षेप थेऊरच्या गणपतीवर नाही, या देवीच्या बाबतीत जे होत आलं त्यावर आहे. मोरया गोसावींच्या परंपरेत द्वारयात्रा आहे. मोरगावला भाद्रपद शुद्ध प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत चार दिशांच्या चार दारांना लोक चालत जातात. ही दारं धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष यांची. चिंचवडला मंगलमूर्तीच्या द्वारयात्रेत दारावर कोण उभ्या आहेत? मांजराई, आसराई, ओझराई, मुक्ताई. बघ, सगळ्या आया. गावोगाव शेंदूर फासलेल्या तांदळ्यांच्या रूपात बसलेल्या, ज्यांना पुराण नाही, ज्यांचा पुजारी बहुतेक वेळा ब्राह्मण नसतो, ज्यांना कोंबडं-बकरं चालतं, अशा बायका. मोठा देव आला, त्याच्या मागे संस्थान आलं, इनाम आलं, पोथी आली आणि गावच्या मालकिणी दारावर उभ्या केल्या गेल्या. दामोदर कोसंबी पुण्याभोवती पायी फिरले, अशा मातृदेवतांची ठाणी त्यांनी पाहिली, त्यांच्या आसपास अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं वेचली आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त लिहिलं की ही ठाणी फार जुन्या वाटांवर, फिरत्या माणसांच्या भेटीच्या जागी आहेत. मग ‘प्राचीन’ कुणाला म्हणायचं? पोथी असलेल्या देवाला की पोथी नसलेल्या आईला?

भाविक : तुम्ही हे म्हणाल याची मी वाटच बघत होते, कारण इथे मी तुमच्यापेक्षा पुढे जाणार आहे. देवी जुनी असेल हे मला मान्य आहे. तरी दोन गोष्टी तुम्ही गृहीत धरता. एक म्हणजे चिंचवडच्या दारावरची मांजराई आणि आपल्या गावची मांजराई एकच. एकच आहे का? आसराई नाव तर प्रत्येक डोहापाशी सापडेल, कारण पाण्यातल्या आसरा सगळीकडेच आहेत. तसंच मांजराईचं असू शकतं. संप्रदायाने गावच्या देवीचं नाव उचललं, की संप्रदायाच्या यादीतलं नाव गावच्या देवीला चिकटलं, की दोघींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही? तुम्ही माझ्याकडे ताम्रपट मागितलात. आता मी तुमच्याकडे मागते.

दुसरी गोष्ट म्हणजे दारावर उभं राहणं हे कमीपणाचं लक्षण आहे असं तुम्ही धरता. द्वारयात्रा चालून बघा. देव देवळातच राहतो. उन्हात, चिखलात, ओढा ओलांडून चालतो तो भक्त, आणि तो चालत जातो आईकडे. तिच्यापुढे वाकतो, मग परत देवाकडे येतो. तिच्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. जिला तुम्ही दरवान म्हणता, तिच्या दारात गेल्याशिवाय गणपतीच्या यात्रेचं पुण्य पदरात पडत नाही. हे नातं मालक-नोकराचं असेल तर मालक कोण, मला सांगता येणार नाही.

चिकित्सक : यात्रेच्या चालीत तिचा मान आहे, पण पोथीत तिला कथा नाही. मान असणं आणि आवाज असणं यांत फरक आहे. कपिलांचं काय झालं ते आपण इतका वेळ बोललो. मांजराईचं काय झालं ते कुणी सांगू शकतं का?

भाविक : पोथीत कथा नसली म्हणून कथा नाही असं नसतं. नदीपलीकडची वाडे बोल्हाई घ्या. हडपसरला, मांजरीत, अगदी पुण्याच्या पेठांतही मटणाच्या दुकानावर पाटी असते, ‘येथे बोलाईचे मटण मिळेल’. त्याचा अर्थ मेंढीचं मटण. बोल्हाईचे भक्त बकरा खात नाहीत, मेंढी खातात. कोणतं पुराण हे सांगतं? एकही नाही. पण रविवारी सकाळी दुकानात उभा असलेला माणूस कसायाला स्पष्ट विचारतो, ‘बोलाईचंच ना?’ आणि समोरचा मान हलवल्याशिवाय पैसे काढत नाही. चिंतामणीच्या कथेने माझ्या ताटात काय असावं हे कधी ठरवलं नाही. बोल्हाईने ठरवलं. ज्या देवीला तुम्ही आवाज नाही म्हणता, तिचा शब्द खाटकाच्या सुऱ्यापर्यंत पोचतो. गावदेव्यांची कथा अशी असते. ती सांगितली जात नाही, पाळली जाते.

चिकित्सक : हा मुद्दा मला मान्य करावा लागेल. पण त्यातूनच माझी काळजी वाढते. पाळणारी माणसं गेली की पाळलेली कथा राहत नाही, पोथी राहते. जून २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. उसाच्या आणि गुलाबाच्या शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. नव्या इमारतीत राहायला आलेल्या कुटुंबाला मांजराईशी काय देणंघेणं आहे, हे मला माहीत नाही. मुळा-मुठेचं पाणी पुण्याचा मैला आणि जलपर्णी घेऊन मांजरीवरून थेऊरला जातं. त्या पाण्यात कुणी हात घालत नाही. मग काय होणार, तेही सांगतो. कुणीतरी भाविक पैसे देईल, जीर्णोद्धार होईल, जुना शेंदूर काढून वर चांदीचा मुखवटा येईल, दाराशी संगमरवरी फलक लागेल आणि त्यावर ‘मांजराई माहात्म्य’ कोरलं जाईल. त्यात देवी पार्वतीचा अवतार असेल, एखादा राक्षस असेल, ऋषी असतील. साचा तयारच आहे. पन्नास वर्षांनी तूच मला तो फलक दाखवून सांगशील, बघा, परंपरा किती प्राचीन आहे.

भाविक : मी नाही दाखवणार. पण हे कसं थांबवायचं ते तुम्ही सांगत नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ मध्ये लिहिलं. पंढरीच्या विठोबाच्या मागे धनगर-गवळ्यांचा देव कसा आहे हे त्यांनी गोळा केलं ते गाणी, विधी, नवस, नैवेद्य यांतून. पोथ्याही वाचल्या, पण केवळ पोथ्यांवर विसंबले नाहीत. विठोबाची पूजा बंद करावी असं त्यांना त्यातून सुचलं नाही. तुमच्यासारखी चिकित्सा आणि माझ्यासारखी ओढ एकाच माणसात राहू शकते, हे त्यांनी दाखवलं. मात्र त्यासाठी तुम्हाला आधी मांजराईच्या देवळात जावं लागेल, नमस्कार करा की नका करू.

चिकित्सक : मी जाईन. पण माझ्या दोन अटी आहेत. आपल्याला जे सापडणार नाही, ती जागा आपण मोकळी ठेवायची. मांजराई कुठून आली हे कळलं नाही तर ‘कळलं नाही’ असंच लिहायचं. तिथे पुराणातली कथा उसनी आणायची नाही, आणि कोसंबींचं वाचून अश्मयुगही उसनं आणायचं नाही. दुसरी म्हणजे तू थेऊरच्या दाराशी तिला बांधायचं नाहीस, मी तिला थेऊरविरुद्ध उभी करायची नाही.

भाविक : पहिली अट कबूल. दुसरी अर्धीच. थेऊर आणि मांजरी यांचं काही नातं होतं की नव्हतं, हे विचारायचंच नाही असं मी मानणार नाही. नदी एकच, वाट एकच आणि मोरयाच्या यादीत आमच्या आईचं नाव आहे. ही तीन कारणं विचारायला पुरेशी आहेत, उत्तर द्यायला नाहीत.

चिकित्सक : तेवढं चालेल. मग सुरुवात पुस्तकापासून नको, घरांपासून करू. मांजरीत ज्यांच्या घरी मांजराईची ओटी भरायची पद्धत आहे, त्यांनी ती कधी भरतात, नैवेद्य काय असतो, कोंबडं दाखवतात की पुरणाची पोळी, लग्नानंतर नवरी पहिल्यांदा कुठल्या देवाला जाते, कोणत्या घराकडे कोणता मान आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं आणि वहीत लिहून ठेवावं. देवळावर नवा फलक लागायच्या आत.

भाविक : आणि लिहिताना ज्यांनी सांगितलं त्या आजीचं नाव वहीत सगळ्यात वर लिहा.